येतो म्हणून निघालो

३ मार्च

इथे माझी ओळख करून देताना म्हणतात, हे परदेशात शिकलेले. आमच्या गावात कुणाविषयी असं म्हटलं असतं तर लोकांनी उठून खुर्ची दिली असती. इथे अर्थ नेमका उलटा. परदेशात शिकलेला म्हणजे अजून पारखून घ्यायचा आहे तो. मला साधी तापाची गोळी द्यायची झाली तरी शेजारी इथलं कुणीतरी उभं लागतं. औषधाचं नाव, रोग्याचं नाव, मात्रा मोठ्याने म्हणायची, ते ऐकून मान हलली की मगच गोळी पुढे. शाळेत गुरुजींसमोर पाढे म्हणायचो, तसंच.

ही उमेदवारी महिनाअखेरपर्यंत. वॉर्डच्या प्रमुख नर्सची खात्री पटली तर पुढे एकट्याने काम करायला मोकळा. नाही पटली तर परत. या वयात दुसऱ्यांदा कोण बोलावणार? दादा फोनवर म्हणालाच, "पन्नाशीला टेकलास आणि उमेदवारी कसली करतोस? नातवंडं खेळवायचं वय तुझं." मी म्हटलं, आधी पोरीचं लग्न तर होऊ दे.

दादाला खरं कारण सांगितलेलं नाही. सांगितलं तर हसेल. तिकडच्या दवाखान्यात चाळीस खाटांमागे मी एकटा नर्स होतो. वीस वर्षांत एकाही रोग्याची पाठ मला सावकाश पुसता आली नाही. सदा पळत होतो. मरण्याआधी एकदा तरी हे काम नीट करून बघायचं होतं.

७ मार्च

आमच्या वॉर्डात हाडं मोडलेली म्हातारी माणसं असतात. बहुतेकांचा खुबा. मला एक खोली दिली आहे, चार खाटांची. चार! पहिल्या दिवशी मी बाकीचे कुठे आहेत म्हणून दार उघडून बघून आलो होतो.

माझ्यावर लक्ष ठेवायला नेमलेली नर्स माझ्या मुलीहून थोडीशीच मोठी आहे. मनात मी तिला मास्तरीण म्हणतो. वॉर्डच्या प्रमुख त्या मोठ्या बाई. इथल्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' एकच. त्यामुळे कोण मला काय म्हणतंय ते माझं मला ठरवावं लागतं. मी सरसकट 'तुम्ही' ऐकतो. तेवढं सुख फुकट आहे, का सोडा?

एका माणसाचं मात्र कितीही प्रयत्न केला तरी 'अरे'च ऐकू येतं. दाराजवळच्या खाटेवरचे आजोबा. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत फुटबॉलच्या सामन्यांत पंच होते. अजूनही पंचच आहेत. चहा उशिरा आला की हातरुमालाएवढा पिवळा कागदी नॅपकिन वर धरतात. ही ताकीद. आज मी उशी उलटी लावली म्हणून धरला. म्हटलं, "पंच, उशीला उलट-सुलट काय असतं?"

"पंचाशी वाद घातलास. आता दुसरी ताकीद."

खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं आहे. वॉकर धरून चालतात, पण कुणी तरी बाजूला लागतं. घरी एकटे राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरी परत जायची इतकी घाई की व्यायाम करवून घेणारी मुलगी त्यांना 'हळू' म्हणून दमते.

हात किती वेळ धुवायचे ते इथे गाणं म्हणून मोजायला शिकवतात. मी एक श्लोक म्हणतो. बरोबर तेवढाच बसतो. दिवसातून किती वेळा देवाचं नाव घेतलं जातं याचा हिशेब मी ठेवत नाही, पण गावी देवळात जात होतो त्याहून हे नक्की जास्त असेल.

१० मार्च

पाळी संपली की प्रत्येक खाटेपाशी थांबून 'येतो' म्हणायची माझी जुनी सवय आहे. तिकडे चाळीस जणांना म्हणायचो, तेवढी एकच गोष्ट सगळ्यांना सारखी मिळायची. इथेही ती मोडली नाही. शब्द फक्त इथल्या भाषेतला. खांद्याला हात लावून, हसून, "येतो हं" म्हणायचं आणि निघायचं.

माणसं जरा चमकून बघतात. इथल्या नर्स घड्याळ बघून सरळ निघून जातात, बहुधा निरोप घ्यायची रीत नसावी. पंच मात्र दर वेळी मान डोलावून म्हणतात, "बरं, ठीक." मोठा शिस्तीचा माणूस.

१२ मार्च

आजचं लिहू की नको असं झालं. स्वतःचं कौतुक स्वतः लिहू नये. पण ही वही वाचणार कोण?

सकाळी मास्तरीण म्हणाली, "काल संध्याकाळी पुन्हा सगळे तुमचीच चौकशी करत होते. खिडकीजवळच्या आजींनी तर जेवणाचं ताट झाकून ठेवायला लावलं. तुम्ही यायचे आहात म्हणून थांबल्या होत्या. गार झालं सगळं."

"माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी? संध्याकाळच्या पाळीच्या मुली चिडल्यात तुमच्यावर. काय जादू केलीत?"

म्हटलं, "जादू कसली? म्हातारपणी माया लवकर लागते."

वर वर असं बोललो, पण आतून छाती फुगली होती. मी निघून गेल्यावरही माणसं माझी वाट बघतात! एवढ्या नर्स आहेत, सगळ्या हुशार, भाषा सफाईदार, आणि वाट बघतात ती माझी. संध्याकाळी खोलीवर येऊन देवापुढे हात जोडले आणि म्हटलं, गर्व होऊ देऊ नकोस. पण जरासा असू दे.

१३ मार्च

आजींना समजावलं, जेवण वेळेवर घेत जा. त्या म्हणाल्या, "तुम्ही वेळेवर या, मी वेळेवर जेवते." माझी पाळी सकाळी सातची, मी कधी उशीर करत नाही. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मनावर घेऊ नये.

१८ मार्च

कामावर आलो तर पंचांच्या कपाळाला टाके आणि डाव्या मनगटाला प्लास्टर. काल मी गेल्यावर, संध्याकाळी, एकटेच उठले. वॉकरही घेतला नाही. संडासाच्या दाराशी पडले. खुबा शाबूत राहिला ही देवाची कृपा.

संध्याकाळच्या नर्सने त्यांना आधी विचारलं होतं, काही हवंय का? म्हणाले, "नको. माझा माणूस येतोय." नंतर बराच वेळ बसून राहिले, मग धीर सुटला. उचलून खाटेवर आणल्यावरही एकच धोशा, "तो येतो म्हणाला होता. मला शब्द दिला होता." तिने सांगितलं, आजोबा, ते दुपारीच घरी गेले. तरी ऐकेनात.

मोठ्या बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. "काल निघताना तुम्ही त्यांना परत येतो असं काही सांगितलं होतं का?"

"नाही. नेहमीसारखा सगळ्यांचा निरोप घेऊन निघालो."

"नक्की?"

"नक्की." देवाशपथ असं ओठावर आलं होतं, पण इथे त्याला काही किंमत नाही, म्हणून गिळलं.

राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पंचांच्या चार्टवर 'गोंधळलेले' असं लिहिलं. न घडलेलं घडल्यासारखं वाटतं म्हणे. खुब्याच्या ऑपरेशननंतर या वयात होतं असं. मीही पाहिलं आहे. वाईट वाटलं. इतका खणखणीत माणूस.

१९ मार्च

पंच माझ्याशी बोलत नाहीत. पाण्याचा पेला पुढे केला तर तोंड भिंतीकडे. मग तशाच पाठमोऱ्या अवस्थेत म्हणाले, "लाल कार्ड."

"अहो, पण माझं काय चुकलं?"

"मैदानाबाहेर. खेळाडू खोटं बोलला की पंच कारण सांगत बसत नाही."

मास्तरणीने माझ्याकडे बघून डोक्याशी बोट नेलं, म्हणजे मनावर घेऊ नका. त्यांची पाठ पुसायचं काम तिने केलं. मी दाराशी टॉवेल धरून उभा होतो.

२१ मार्च

पंचांचा मुलगा आला होता. चाळिशीचा, दुसऱ्या गावी नोकरी. वाईट माणूस नाही. बापाचं कपाळ बघून बाहेर गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी पाणी नेऊन दिलं.

म्हणाला, "घरी पडले असते तर? दोन दोन दिवस कुणाला कळलं नसतं." त्याने वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली आहे. डॉक्टरीणबाईंचंही मत तेच. ज्याचा गोंधळ होतो अशा माणसाला एकटं घरी सोडता येत नाही. पुढच्या आठवड्यात इथूनच परस्पर तिकडे नेणार.

पंचांना सांगितलं तेव्हा ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी ऐकलं ते ऐकलं." मग पिवळा नॅपकिन शोधत होते. तो हाताशीच होता. पण उचलला नाही.

त्यांच्यासाठी आज नाम घेतलं. म्हाताऱ्याचं मन देवा ताळ्यावर आण, असं मागितलं.

२३ मार्च

ताळ्यावर कुणाचं मन नव्हतं ते आज कळलं.

सुट्टी होती. दुपारी हिचा फोन. पोरीची परीक्षा, शेजाऱ्यांचं भांडण, सगळं सांगून झालं आणि तिकडे कुकरची शिट्टी झाली. ही घाईने म्हणाली, "बरं, जाते मी."

"अगं, जाते काय म्हणतेस? येते म्हण."

"अहो, मी गॅस बंद करायला जातेय! तुमच्याकडे फोनमधून कुठून येऊ?"

मी हसलो. मोठ्याने हसलो. आणि हसता हसता मध्येच थांबलो.

येतो. मी रोज, एकेका खाटेपाशी थांबून, खांद्याला हात लावून, त्यांच्या भाषेत त्यांना सांगत होतो की मी येतो आहे. आणि घरी जाऊन पाय पसरून झोपत होतो. त्या भाषेत त्या शब्दाचा दुसरा अर्थच नाही. आजींचं ताट गार होत होतं. संध्याकाळच्या मुलींना सगळे विचारत होते, तो कधी येतो? कारण तो 'येतो' म्हणाला होता. आणि मी इथे वहीत छाती फुगवून बसलो होतो!

ही फोनवर हॅलो हॅलो करत होती. म्हटलं, "गॅस बंद करून ये. महत्त्वाचं आहे."

सगळं सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे ते आजोबा खरं बोलत होते."

"अक्षर न् अक्षर."

"मग सांगा की जाऊन."

"सांगायला हवंच. पण मी मोठ्या बाईंना तोंडावर नाही म्हणालोय. उमेदवारी संपायला जेमतेम आठवडा राहिलाय. माणूस पडला, हाड मोडलं, ते माझ्या शब्दामुळे. परत पाठवतील."

"पाठवतील तर पाठवतील. घर काय पळून गेलंय? त्या म्हाताऱ्यालाही त्याचं घर आहे ना? त्यालाही जाऊ दे की तिथे."

"दादा काय म्हणेल?"

"भाऊजी तसेही काहीतरी म्हणणारच आहेत. त्यांना निदान विषय द्या."

२४ मार्च

सांगितलं नाही. मोठ्या बाईंच्या दारापर्यंत दोनदा गेलो. आत एकदा त्या फोनवर होत्या, एकदा नव्हत्या.

मनाशी वाद चालू आहे, तो प्रामाणिकपणे लिहितो. महिना संपू दे, कागदावर सही होऊ दे, मग सांगू. चार-सहा दिवसांनी काय बिघडतंय? मुलगा तसाही त्यांना वृद्धाश्रमात नेणारच होता. तिथे चोवीस तास माणूस असतं, त्यांचं भलंच होईल. मी परत गेलो तर या खोलीतल्या चौघांची पाठ सावकाश कोण पुसेल?

एकेक मुद्दा मोठा शहाणा वाटतो. लबाडी कधी फाटके कपडे घालून येत नाही.

आज हात धुताना श्लोक मध्येच अडला. लहानपणापासून पाठ आहे. दुसरी ओळच आठवेना. नळ सुरूच राहिला. मागे मास्तरीण उभी होती, म्हणाली, "झाले की हात स्वच्छ." म्हटलं, नाही झाले.

२५ मार्च

सांगितलं.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला नीट समजू द्या. तुमच्या भाषेत माणूस जायला निघाला की 'येतो' म्हणतो?"

"हो."

"आणि खरंच जाताना?"

"तेव्हाच तर म्हणतो. 'जातो' म्हणू नये. जातो म्हणजे कायमचा. मेलेल्या माणसाला आम्ही 'गेला' म्हणतो. दवाखान्यात तर तो शब्द तोंडातून काढायचाच नाही."

"आणि हे तुम्ही रोज, प्रत्येक खाटेला?"

"प्रत्येक."

त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. हसत होत्या की डोकं दुखत होतं, मला कळलं नाही. "तरीच! तरीच त्या खोलीत संध्याकाळी कुणी जेवत नाही आणि कुणी दिवा घालवू देत नाही. मी स्वयंपाकघराशी भांडले, जेवण बेचव आहे म्हणून." मग एकदम आवाज बदलला. "पण मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"तेव्हा मला ते खरंच वाटत होतं."

"आज ते लिहून द्यावं लागेल. रुग्ण पडला आहे. तुमच्या निर्णयाच्या बैठकीत हे येणार. तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे."

"आठवडाभर गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं नसतं."

"त्यांना कळलं होतं," मी म्हटलं. "पंचांना."

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. उभ्याने काय लिहिताय? आणि अक्षर सुवाच्य काढा." त्यांचा राग स्वाभाविक आहे. एवढ्या विश्वासाने खोली दिली होती.

२६ मार्च

पंचांपुढे जाऊन उभा राहिलो. ते भिंतीकडे वळायच्या आत म्हटलं, "पंच, तुम्ही बरोबर होता. मी येतो असं म्हणालो होतो. आणि आलो नाही."

वळता वळता थांबले. त्यांना सगळं समजावून सांगितलं. 'जातो' आणि 'येतो'. त्यांनी कपाळाला आठ्या घालून ऐकलं, टाके ओढले गेले असतील.

"म्हणजे तुमच्या देशात जाणारा माणूस येतो म्हणतो. मग येणारा काय म्हणतो?"

"आलो."

"आणि घरात बसलेला?"

"या."

"पंच होणं अवघड आहे तुमच्याकडे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "संध्याकाळी सगळ्या पोरी असतात. त्यांच्यापुढे ते भांडं मागायला मला लाज वाटते. तू येतो म्हणालास, म्हणून मी धरून ठेवलं. फार वेळ धरून ठेवलं रे."

मी त्यांचा प्लास्टरचा हात हातात घेतला. त्यांनी काढून घेतला नाही, पण लगेच पंच झाले. "आता हेच मोठ्याने बोल. माझ्या पोराला फोन लाव आणि त्याला सांग. आणि ती डॉक्टरीण कुठे आहे? तिलाही ऐकू दे. सामना पुन्हा खेळवायचा."

मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे ते ठीक आहेत?" मी म्हटलं, "तुमच्या-माझ्यापेक्षा ठीक आहेत." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हाताने चार्टवरचा तो शब्द खोडला आणि म्हणाल्या, "तरी परीक्षा घेते. नुसत्या तुमच्या शब्दावर नाही."

"बरोबर आहे," पंच म्हणाले. "याच्या शब्दावर मुळीच नको."

२७ मार्च

परीक्षा झाली. तीन शब्द ध्यानात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, असलं. पंचांनी वजाबाकी इतकी खाली नेली की बाईंनाच थांबवावं लागलं. शेवटी घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी नीट वर्तुळ काढलं, आकडे घातले, काटा पंचेचाळीस मिनिटांवर ठेवला आणि खाली लिहिलं, मध्यंतर.

मुलगा आला आहे. घरी संडासात आणि जिन्याला धरायला दांडे बसवतोय. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन बघून जाईल. वृद्धाश्रमाला त्याने नकार कळवला.

माझी बैठक दोन तारखेला.

३० मार्च

पंच घरी गेले. व्हीलचेअरवर दारापर्यंत नेतात, तसा नियम आहे. दारापाशी उठले, प्लास्टरचा हात टेकवायची पट्टी लावलेला वॉकर धरला, आणि मुलाचा हात बाजूला सारून गाडीपर्यंत स्वतः चालत गेले. सगळा वॉर्ड खिडकीत. खिडकीजवळच्या आजी टाळ्या वाजवत होत्या.

मी गाडीचं दार धरून उभा होतो. म्हटलं, "पंच, लाल कार्ड अजून आहेच का?"

"दिलेलं कार्ड मागे घेत नाहीत. तसा नियम नाही." आत बसले, पट्टा लावला, काच खाली केली. "पण पुढचा सामना खेळायला मोकळा आहेस तू."

गाडी वळेपर्यंत उभा राहिलो. या वेळी छाती फुगली ती लपवावीशी वाटली नाही. माझ्यामुळे गेलं होतं ते त्यांचं त्यांना मिळालं, एवढंच, तरी फुगली. माझं पुढे काय व्हायचं ते होवो.

२ एप्रिल

बैठकीत तिघे होते. मला थोडकेच प्रश्न विचारले. पुन्हा तसंच घडलं तर काय कराल? म्हटलं, शब्द बदलला आहे, पण मला न कळणाऱ्या अशा आणखी किती चुका असतील, सांगता येत नाही. म्हणून आता कुणी रोगी भलतंच बोलतोय असं वाटलं, की आधी स्वतःला तपासतो. मग मला बाहेर बसवलं.

मोठ्या बाई आतच राहिल्या. दारातून त्यांचाच आवाज येत होता, चढलेला. टेबलावर हात आपटल्याचाही आवाज आला. माझी एकेक चूक उगाळत असणार. बाईंना राग आला की त्या कुणाचं ऐकत नाहीत. मी मान खाली घालून नाम घेत बसलो. मास्तरीण आपली सुट्टी असून येऊन माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "मीही लिहून दिलंय तुमच्याबद्दल." म्हटलं, बरोबर केलंस, जे असेल ते लिहायलाच हवं. ती माझ्याकडे बघून कपाळाला हात लावून हसली. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

मोठ्या बाई बाहेर आल्या. चेहरा लाल. माझ्या हातात औषधाच्या कपाटाची किल्ली ठेवली. "हरवू नका. मागे एकाने खिशातून घरी नेली आणि आम्ही कुलूप तोडलं."

मला अर्थ लागायला वेळ लागला. तोवर त्या वॉर्डात पोचल्याही होत्या.

हिला फोन केला. काही बोलायच्या आत माझा हुंदका आला. ती म्हणाली, "असू द्या हो, या घरी, मी आहे ना." मग गैरसमज दूर करेपर्यंत दोघंही रडलो. दादाला तिनेच कळवलं. तो म्हणे अर्ध्या गावाला सांगत फिरतोय, आमच्या धाकट्याला परदेशात एकट्याच्या जबाबदारीवर ठेवलंय.

३ एप्रिल

पंचांच्या खाटेवर आज नव्या बाई आल्या आहेत. पूल बांधणाऱ्या इंजिनिअर होत्या. पायऱ्यांवरून पडल्या. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारतात.

सकाळच्या गोळ्या घेऊन गेलो. सवयीने औषधाचं नाव, त्यांचं नाव, मात्रा, सगळं मोठ्याने म्हटलं.

त्या म्हणाल्या, "कुणाला सांगताय? इथे आणखी कुणी आहे का?"

मी डावीकडे पाहिलं. तिथे नुसती भिंत होती, उन्हाने भरलेली.

"या खोलीची जबाबदारी कुणावर आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्यावर," मी म्हटलं.

त्यांनी मला नीट न्याहाळलं, एखाद्या खांबाकडे बघावं तसं, वजन पेलेल का म्हणून. मग हात पुढे केला. मी तळव्यावर गोळी ठेवली, पेला दिला, आणि त्यांनी ती गिळेपर्यंत तिथेच थांबलो.